समुद्रातला वाटा

फरजानीने रोवलेल्या झावळ्या सकाळी दहाच्या आत तिसऱ्यांदा उन्मळून वर आल्या.

पाणी कमरेएवढं होतं. तो एकेक झावळी तळाच्या मातीत खुपसायचा, टाचेने भोवती दाबायचा आणि पुढच्या झावळीसाठी होडीकडे हात पसरायचा. पाचसहा झाल्या की मागची पहिली हळूच कलायची, मग तिच्या शेजारची, आणि सगळी रांग आडवी होऊन लाटेबरोबर तरंगायला लागायची. त्रेचाळीस वर्षं परदेशात, मार्सेयच्या गोदीत लोखंड उचलून त्याचे खांदे अजून दणकट होते. पण इथे खांद्याचं काही चालत नव्हतं.

"मिनार आणि पिवळं घर एका रेषेत आलं की तिथे पहिली झावळी," तो स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला. "बाबांनी मला दहा वेळा दाखवलंय. चुकणं शक्यच नाही."

"मिनार तिथेच आहे," पाण्यात उभा असलेला धाकटा भाऊ रिधा म्हणाला. "पिवळं घर पाडून तिथे फोनचा मनोरा उभा राहिला, त्याला दहा वर्षं झाली."

"जागा तर तीच आहे ना!"

रिधा काल दुपारच्या फेरीबोटीने बायकोला घेऊन पलीकडच्या स्फाक्स शहरातून बेटावर आला होता. शाळामास्तर माणूस. भावाच्या हट्टासाठी त्याने पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि ती आता मांडीपर्यंत भिजली होती. त्याच्या बॅगेत एक कागद होता. बाबांच्या शर्फियाची, म्हणजे मासे अडवायच्या कुंपणाची, ही समुद्रातली जागा बाबा गेल्यापासून तीन हिवाळे रिकामी पडली होती. ती चुलतभाऊ हमिदाला भाड्याने द्यायची, दोघा भावांनी सह्या करायच्या आणि विषय संपवायचा, असं रिधाचं म्हणणं होतं. फरजानी वसंतात कायमचा बेटावर राहायला आला तेव्हा त्याने ते धुडकावून लावलं. भाड्यानं कसली द्यायची? ऑक्टोबरात सगळ्यांनी मिळून लावायची, पूर्वी लावायचो तशी. झावळ्यांची भिंत, भिंतीच्या टोकाला खोली, खोलीत विणलेले सापळे. मासा भिंतीला अडून वळतो आणि आपल्या पायांनी खोलीत येतो. फरजानीला झोपेतसुद्धा ती भिंत दिसायची.

"तुला आठवतं का रे," तो आता रिधाला म्हणाला, "बाबा पुढे, मागे मी, तू होडीत. दुपारी उम्मी जवाची भाकरी आणि अंजिरं द्यायची. एवढ्यावर आख्खा दिवस निघायचा. कुणाला काही कमी वाटलं का कधी?"

"मला वाटायचं."

"काय कमी वाटायचं तुला?"

"दुसरी भाकरी," रिधा म्हणाला.

होडीत काठी धरून उभा असलेला हमिदा हसला. फरजानीही हसला, पण त्याला ते लागलं.

"तेव्हा घराघरात काही नव्हतं, पण माणसं एकमेकांत होती. एकाची शर्फिया लागायची तर सगळी गल्ली यायची. आता बघ. मी गेले दोन आठवडे सांगतोय, आणि आलं कोण? तू, तोही तोंड वाकडं करून."

"मी आलो ना? मग तोंडाचं काय घेऊन बसलास?"

चौथी रांगही कलली. फरजानीने एक झावळी उचलून पाण्यावर आपटली.

"सी फरजानी, इथे आता धरत नाही," हमिदा शेवटी आदराचं 'सी' लावत म्हणाला. "तळ खरवडणारी जाळी फिरून फिरून इथलं गवत गेलं. खाली नुसता लगदा आहे."

"मग बाबांनी शेवटपर्यंत कशी लावली? त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यातसुद्धा मला सुकवलेला ऑक्टोपस डब्यात घालून पाठवला होता. फोनवर म्हणाले, शर्फियातला आहे."

"लावली होती, पण इथे नाही. चाळीस पावलं पूर्वेला, प्रवाह जिथे वळतो तिथे."

"बाबांनी भिंतीची रेघ बदलली? मला नाही बोलले."

हमिदाने काठी तळाला रोवली आणि होडीचं तोंड किनाऱ्याकडे केलं. "भूक लागलीय. घरी चला. तिथे विचारा."

"काय विचारू? कुणाला?"

हमिदाने काठी रेटली.

*

रिधाच्या बायकोला, सलवाला, लग्न होऊन या घरात सव्वीस वर्षं झाली होती, पण ती इथे पाहुणीच असायची. ईदला दोन दिवस, उन्हाळ्यात आठवडाभर. नवऱ्याची बहीण मोंजिया स्वयंपाक करायची आणि सलवा काकडी चिरायची, हे ठरलेलं.

आज वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसावर ऑक्टोपसचा रस्सा होता. मोंजिया पाट्यावर लसूण आणि जिरं वाटत होती. साठीची बाई. चाळिशीत विधवा झाली आणि दोन मुलींना घेऊन बापाच्या घरी परत आली. मुलींची लग्नं झाली, आईबाप गेले, आता घरात एकटीच. वाटताना तिच्या तळहाताकडे सलवाचं लक्ष गेलं. बोटांच्या मुळाशी जुने, पिवळे घट्टे होते आणि अंगठ्याखाली एक लांब पांढरा वण.

"मोंजिया, हे कशाने गं?"

"कामाने."

"घरकामाने असं नाही होत. घरकाम मीही करते."

मोंजियाने हात पाण्यात बुडवले. "तुझ्या घरी मिक्सर आहे," ती म्हणाली आणि विषय रश्श्याच्या मिठावर नेला.

पुरुष आले ते ओल्या कपड्यांनी. अंगणात अंजिराखाली चटई होती, मधे मोठं ताट. फरजानी बसला, पण घास घेईना. सलवाला वाटलं, म्हातारपणी माणसं अशीच लहान मुलांसारखी रुसतात. मग एकदम त्याचा चेहरा उजळला.

"या अंगणात," तो म्हणाला, "मोंजिया इथे, या अंजिराला टेकून. मांडीवर सापळा. मी समोर, हातात फ्रेंचचं पुस्तक. मी धडा मोठ्याने म्हणायचो आणि ती विणता विणता माझ्याबरोबर म्हणायची. सगळा धडा पाठ! मला यायचा नाही, तिला यायचा. परदेशात कितीतरी वर्षं मला झोप लागायची ती हे डोळ्यांपुढे आणून. काय दिवस होते, मोंजिया!"

"वाढू का अजून?" मोंजियाने विचारलं.

"आधी हे सांग. हमिदा म्हणतो, बाबांनी रेघ बदलली होती. चाळीस पावलं पूर्वेला. कधी? आणि या वयात, त्या गुडघ्यांनी, एवढी भिंत त्यांनी नव्या जागी उभी केली कशी? कुणी मदत केली?"

हमिदाने ताटातून मान वर न काढता मोंजियाला म्हटलं, "सांग आता. नाहीतर मी सांगतो."

"तूच सांग," मोंजिया म्हणाली. "मला लिंबू आणायचंय."

ती आत गेली, आणि हमिदाने सांगितलं. अकरा वर्षं शर्फिया मोंजियाने लावली. बाबांना पाण्यात उतरवेनासं झालं तेव्हापासून. पहाटे दोघं निघायची. ती नवऱ्याची जुनी पॅन्ट आणि बाबांचं जाकीट घालून पाण्यात, आणि बाबा होडीत, डोक्यावर टोपी घालून बसलेले. बाबांना काहीच करायचं नसे. ते फक्त दिसायचे. गावाला सगळं माहीत होतं, पण होडीत बाबा बसलेत म्हणजे शर्फिया बाबांची, असं म्हणता यायचं. कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघायला लाज नको. रेघ तिनेच बदलली, आठ वर्षांपूर्वी. दोन दिवस प्रवाहात भुसा सोडून बघत बसली होती.

"आणि बाबा गेल्यावर?" सलवाने विचारलं.

"बाबा गेल्यावर होडीत बसायला कोणी उरलं नाही," हमिदा म्हणाला.

मोंजिया लिंबू घेऊन आली. रिधाचे कान लाल झाले होते.

"सांगायचं नाही का गं आम्हाला?"

"तू विचारलंस कधी? 'बाबा कसे आहेत, फेरीची वेळ काय, मासे पाठवतेस का.' तीन प्रश्न असायचे तुझे. मी तिन्हींची उत्तरं देत होते."

"पण तीन वर्षं जागा रिकामी ठेवलीस! लावायचीस की."

"कागदावर तुमची दोघांची नावं आहेत. बाबा होते तोवर मी बाबांचं काम करत होते. ते गेल्यावर मी तुमच्या जागेत शिरून तुमचे मासे काढले असते. त्याला चोरी म्हणतात."

फरजानी बोलला तो अगदी हळू. "मला बाबा फोनवर म्हणायचे, आज पाणी गार होतं, आज बोई मासळी चांगली लागली. मी तिकडे बसून त्यांना पाण्यात उभं राहिलेलं बघायचो. अकरा वर्षं मी बघत होतो. आणि पाण्यात तू होतीस."

"हो."

"म्हणजे मी बघत होतो ते खोटंच."

"पाणी गार होतं ते खरं होतं," मोंजिया म्हणाली.

सलवाला हसू आलं आणि तिने ते गिळलं. फरजानीला मात्र ते कळलं नाही, किंवा कळूनही तो दुसरंच काही धरून बसला होता. "पण तेव्हा," त्याने अंजिराकडे बोट केलं, "तेव्हा तर तू सुखी होतीस. तू हसायचीस. ते तरी खोटं नाही ना?"

मोंजिया पहिल्यांदाच चटईवर नीट बसली.

"नाही. मला विणायला आवडायचं. माझी बोटं भरभर चालायची आणि सगळे कौतुक करायचे. बाबांची दोन बोटं यंत्रात गेली, सापळे विणायला कुणीतरी हवं, म्हणून मला चौथीतून काढलं. तेव्हा मला सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं. वाईट वाटलं ते पुढे, तुझं मार्सेयहून पहिलं पत्र आलं तेव्हा. चार पानं. बाबांना वाचता येईना. मी अक्षर अक्षर लावत बसले, दोन ओळी झाल्या आणि पुढे जमेना. शेवटी ते दुकानदाराकडे नेलं. दुकानात सहा माणसं उभी होती. तू रात्री रडतोस, हे आम्हाला त्या सहा माणसांबरोबर कळलं."

फरजानीने मान खाली घातली.

"तुझ्या आठवणीत मी नेहमी बसलेली असते, फरजानी," ती म्हणाली. "मी तुला दोष देत नाही. तू गेलास तेव्हा मी बसलेलीच होते. पण नंतर मी उठले."

रिधाने बॅग ओढून कागद काढला. "बरं. झालं ते झालं. आता उपाय हाच. हमिदाला भाड्याने देऊ. हमिदा, तुला हवीय ना?"

हमिदाने मोंजियाकडे पाहिलं. "मी मागितली ती हिला विचारूनच. माझे गुडघे आता पाण्यात चालत नाहीत. कागदावर मी आणि पाण्यात ती, असं आमचं ठरलंय."

"उत्तम!" रिधा म्हणाला. "मग सगळ्यांचंच काम झालं."

"कसलं उत्तम?" सलवा म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "म्हणजे पुन्हा एक पुरुष होडीत बसवायचा. आधी बाबा, आता हमिदा."

"तू मधे पडू नकोस. या घरच्या गोष्टी आहेत."

"सव्वीस वर्षं मी कुठल्या घरची आहे मग?" सलवाने काकडीची बशी खाली ठेवली. तिला स्वतःला हे भाडं हवं होतं, काल फेरीबोटीत तीच नवऱ्याला म्हणाली होती की या वेळी सही झाल्याशिवाय परत यायचं नाही. पण तिच्या डोळ्यांपुढून तो पांढरा वण जात नव्हता. "मोंजिया, तुला काय हवंय?"

"मी सांगितलं ना, आमचं ठरलंय."

"ठरलंय ते वेगळं. तुला काय हवंय ते विचारतेय."

मोंजियाने लिंबू हातात फिरवलं. तिला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. त्यामुळे उत्तर इतकं तयार असेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

"माझ्या नावावर हवीय," ती म्हणाली. "सगळी."

"सगळी?" रिधा म्हणाला. "अगं, बाबांनी आम्हा दोघांच्या नावे केली, त्यात काही विचार असेल."

"विचार एवढाच की मुलगी लग्न होऊन जाते," सलवा म्हणाली. "ती गेली आणि परत आली. तुम्ही दोघं गेलात ते गेलातच."

रिधाने बायकोकडे पाहिलं, मग कागदाकडे. कागदाची चौकोनी घडी केली, आणखी एक केली, आणि खिशात ठेवला. "माझी हरकत नाही," तो कुरकुरत म्हणाला. "तसंही मला पोहता येत नाही."

आता सगळे फरजानीकडे बघत होते. तो उठला. ओले बूट हातात घेतले आणि फाटकाबाहेर गेला.

"जाऊ दे त्याला," रिधा म्हणाला. "आपण सगळ्यांनी मिळून त्याचं काहीतरी काढून घेतलंय."

*

मोंजियाने भांडी घासली. मग पेटीतून पॅन्ट काढली. तीन वर्षांत ती कमरेला सैल झाली होती, दोरीने बांधली. जाकीट बाबांचं. ओहोटी लागली होती आणि उजेडाचे अजून तीनचार तास होते.

फरजानी धक्क्यावर होडीशेजारी उभा होता. जाळी शिवणारे दोघंतिघं बसले होते, त्यांनी तिला या कपड्यांत दिवसाढवळ्या येताना पाहिलं आणि हात थांबवले. पूर्वी ती उजाडायच्या आत निघायची.

"त्या जागेवर तुझा हक्क आहे," फरजानी समुद्राकडे बघत म्हणाला. "ते मला जेवतानाच पटलं. पण ती तुला देऊन टाकली की माझ्याकडे काय राहतं? मुलं तिकडे त्यांच्या संसारात. त्यांच्या आईला जाऊन चार वर्षं झाली. मी इथे आलो तो त्याच एका गोष्टीसाठी. तीही मी समजत होतो तशी नव्हती."

मोंजियाला खोटं समाधान द्यायची सवय नव्हती.

"होडी सोड," ती म्हणाली. "ओहोटी थांबणार नाही."

तिने काठी घेतली. जागेपाशी पोचल्यावर सकाळच्या झावळ्या पाण्यावर इकडेतिकडे तरंगताना दिसल्या. ती उतरली. फरजानी होडीत बसून राहिला.

"मी बसतो इथे," तो म्हणाला. "बाबांसारखा. कुणी काही बोलणार नाही तुला."

"नाही."

"अगं, तुझ्यासाठीच म्हणतोय."

"माहितेय. बाबाही माझ्यासाठीच बसायचे. अकरा वर्षं रोज उन्हात नुसतं बसून राहायचे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर माझ्याशी बोलायचे नाहीत. मला वाटायचं माझ्यावर रागावलेत. शेवटच्या आजारात म्हणाले, मला तुझी लाज वाटत नव्हती, माझीच वाटायची." ती थांबली. "बसायला कुणी नको मला. उतर."

फरजानी उतरला.

तिने त्याला चाळीस पावलं चालवत नेलं. पायाखालचा लगदा संपला आणि गवत लागलं. प्रवाह त्याच्या मांडीवर एका बाजूने दाबत होता, सकाळी त्याला तो जाणवलाच नव्हता. मोंजियाने एक झावळी घेतली, बुंधा तिरका धरला, दोनदा फिरवला आणि अंगाचा भार टाकला. झावळी उभी राहिली. तिने ती हलवून दाखवली. हलली नाही.

"बाबा तर सरळ खुपसायचे," फरजानी म्हणाला. "तेव्हा आम्ही..."

"खाली बघ."

त्याने खाली बघितलं आणि तिच्यासारख्या झावळ्या फिरवून रोवल्या. पहिली कलली, दुसरी कलली, तिसरी राहिली. मग तो बोलायचा थांबला. ती रोवत पुढे जायची, तो तरंगत असलेल्या सकाळच्या, मग होडीत उरलेल्या झावळ्या गोळा करून तिला आणून द्यायचा. चाळीस पावलं जायची, चाळीस यायची. अर्ध्या तासात त्याला धाप लागली. तिलाही लागली होती, पण ती मोजून श्वास घेत होती. काय काम होतं हे! लहानपणी त्याने यातलं किती केलं होतं? तो आठवत गेला. बाबा पुढे असायचे, मागे तो असायचा, हातात एखादी झावळी. बरेचदा तो खेकडे पकडत असायचा. आठवलं आणि तो एकटाच हसला.

"काय झालं?"

"काही नाही. मी खेकडे पकडायचो."

"पकडायचास की. बाबा ओरडायचे." मोंजियाही हसली. "आणि उम्मी त्यांचा रस्सा करायची. एवढेसे खेकडे, पण इतका चांगला रस्सा मी नंतर कधी खाल्ला नाही. ते सगळं होतं रे, फरजानी. मी नव्हतं म्हणत नाही."

तो झावळ्या आणत राहिला.

सूर्य खाली आला तेव्हा साठेक झावळ्यांची भिंत उभी होती, सगळ्या रेघेचा जेमतेम आठवा हिस्सा. उद्या रिधा आणि सलवा दुपारच्या फेरीने जाणार होते. रिधा जाण्यापूर्वी मोंजियाच्या नावाच्या नव्या कागदावर सही करणार होता. फरजानीने आपण कधी करणार ते अजून सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलंही नव्हतं. उरलेली भिंत, खोली आणि सापळे, एवढं काम दोघांना तीन आठवडे पुरणारं होतं.

दोघं धक्क्याला लागली तेव्हा जाळी शिवणारे अजून तिथेच होते. आता पाचसहा जण जमले होते. त्यातल्या म्हाताऱ्या बशीरने फरजानीला हात केला.

"काय, सी फरजानी! यंदा बाबांची शर्फिया लावलीत म्हणे?"

मोंजिया होडीची दोरी बांधायला वाकली होती. दोरी तिने नको तितकी घट्ट ओढली.

"मी नाही," फरजानी म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझ्या बहिणीने. जागा तिची आहे. मी झावळ्या उचलून देतो."

कुणीतरी खोकलं. बशीरने मोंजियाकडे पाहिलं, टोपी मागे सरकवली आणि तिला विचारलं, "मग, जमतंय का याला?"

"उलट्या धरतो," मोंजिया म्हणाली. "शिकेल."